वाकळीचा इतिहास कोणी लिहायचा?

पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत आणि मोबाईलवरच्या दुकानांत 'आजीची गोधडी' नावाचा माल सध्या जोरात खपतो आहे. कापड कोरं असतं, पण ते जुनं दिसावं याची पुरेपूर काळजी घेतलेली असते. यंत्रावर छापलेली खणाची नक्षी, पैठणीच्या काठाची छपाई, अजरखसारखे दिसणारे तांबडे-निळे ठसे, आणि सोबत एक छानशी चिठ्ठी. चिठ्ठीत वाड्याची ओसरी, तुळशीवृंदावन, पितळेचा तांब्या आणि मायेची ऊब. ते वाचून आपल्यातलीही नोकरदार पोरं हळवी होतात, चांगले पैसे मोजून ती गोधडी घेतात आणि फोटो टाकतात. माझा प्रश्न साधा आहे. ही आजी कोणाची? आपली आजी त्या ओसरीवर कधी बसली होती?

जुन्या कापडाची नक्कल करून गोधडी शिवण्याची हौस फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत तो मोठा धंदा आहे. १९व्या शतकातल्या कापडाचे तुकडे संग्रहालयांतून, जुन्या गोधड्यांतून शोधायचे, त्यांची नक्षी पुन्हा काढायची, तसेच तपकिरी, निळे, मंजिष्ठी रंग उतरवायचे आणि ते कापड नव्याने छापून विकायचं. त्यातला फार आवडीचा एक प्रकार आहे तो तिथल्या यादवी युद्धाच्या, म्हणजे १८६१ ते १८६५च्या काळातल्या कापडाचा. ज्या बाया हे कापड जिवापाड जपून शिवतात त्यांचं प्रेम खोटं नसतं, हातातलं कसबही खोटं नसतं. जुन्या काळच्या घरगुती जगण्याला हात लावून पाहावं असं कोणालाही वाटू शकतं. पण मूळ कापड ज्या कापसाचं होतं, त्यातला बहुतेक कापूस काळ्या गुलामांनी वेचलेला होता. नक्षी पुन्हा छापता येते, ही गोष्ट छापली जात नाही.

आणि त्याच युद्धाने आपल्या वऱ्हाडाचं नशीब फिरवलं. १८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं होतं. अमेरिकेत युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग साहेबाची नजर अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा या बाजारांवर आली. मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये तर खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा कापूस बाजार बघायला आणि तिथला रेल्वेफाटा सुरू करायला आला. या भागाचा कापूस कमिशनर होता रिव्हेट-कार्नॅक. त्याचं म्हणणं त्याच्या लिखाणात उघड आहे: रेल्वेने विलायती कापड इतकं स्वस्त आणावं की इथलं कापड टिकू नये, म्हणजे जो कापूस इथे सुतात जातो तो विलायतेला जाईल, आणि सूत कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. स्वेन बेकर्ट या इतिहासकाराने कापसाच्या जागतिक इतिहासावर २०१४ मध्ये जे पुस्तक लिहिलं त्यात या खामगावला मोठी जागा आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' एवढंच.

हे 'मोकळे झालेले हात' कोणाचे होते? कोष्टी, साळी, मोमीन यांची नावं निघतात. आपलं निघत नाही. विदर्भातल्या महार समाजाचा मोठा भाग गावकीच्या कामाबरोबर जाडंभरडं कापड विणत असे, हे इंग्रजांच्या जातवार नोंदींत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे आपण फक्त मेलेली ढोरं ओढणारे होतो, ही जी प्रतिमा आपल्याच डोक्यात बसवली गेली आहे ती अर्धवट आहे. आपण विणकर होतो. माग मोडला तसे आपण कपाशीच्या शेतात मजूर झालो, जिनात गेलो, आणि १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर नागपूरच्या गिरणीत गेलो. मुंबईच्या गिरण्यांत तर आपल्याला विणखात्यात घेतच नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा विटाळ इतर कामगारांना चालत नसे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. पिढ्यान् पिढ्या कापड विणलेल्या माणसांना कापडाच्या खात्यात बंदी! वर्गाची भाषा बोलणाऱ्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावं.

आता वाकळीकडे येऊ. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, आमच्याकडच्या म्हाताऱ्या 'वाकय' म्हणतात. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर भागात बचत गटांच्या आणि आरोग्याच्या कामाने मी फिरते तेव्हा घरातल्या बायांना पेटीवरच्या, बाजेवरच्या वाकळी उलगडायला सांगते. आधी लाजतात. "काय पाहतं मा त्याच्यात, फाटके फडके हायेत," असं म्हणतात. मग एकदा उलगडली की थांबत नाहीत. हा तुकडा सासूच्या लुगड्याचा, हा नवऱ्याच्या धोतराचा, हे पोराचं झबलं, हे पहिल्या बाळंतपणाचं पातळ.

ती करायची पद्धत सांगते, कारण पुढच्या दहा-वीस वर्षांत ती सांगायला कोणी उरणार नाही. कपाशीची शेवटची वेचणी आटोपली, उन्हाळा लागला, मजुरी कमी झाली की वाकळीचे दिवस. वर्षभर साठवलेली धडुती सोड्याच्या पाण्यात उकळून धुवायची. आंगण सारवून त्यावर जुनं लुगडं अस्तर म्हणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवायचे. वर तुकड्यांचे थर लावायचे. विरलेला तुकडा आत, त्यातल्या त्यात धड तुकडा वर. मग शेजारच्या दोघी-तिघी चार बाजूंनी बसून कडेकडून मधाकडे धावदोरा घालत यायच्या. दोरा विकत आणायची ऐपत नसली तर लुगड्याच्या काठातून उसवून काढायचा. एका वाकळीखाली तीन-चार पोरं झोपणार, म्हणून टाके दाट हवेत. नक्षी ठरवून केलेली नसते, पण बघणाऱ्याला ती दिसते.

कापसाच्या मुलखातल्या या वाकळीत कापूस नाही, हे लक्षात घ्या. रुई भरलेली गादी, रजई ही पाटलाच्या, सावकाराच्या घरची. पिंजारी त्यांच्या दारात बसून कापूस पिंजायचा. ज्या बाईने दिवसभर कंबर मोडून दुसऱ्याच्या वावरातला कापूस वेचला ती रात्री चिंध्यांच्या थराखाली झोपायची. कुणब्या-माळ्याच्या घरीही वाकळी होत्या, हे मान्य आहे, गरिबी सगळ्यांनाच होती. पण त्यांच्या वाकळीत घरचंच जुनं कापड जायचं. आपल्या वाकळीत गावाचं जुनं कापड आलं, आणि त्यात मढ्यावरचंही कापड आलं.

इथे थोडं थांबायला हवं. मनुस्मृतीच्या १०व्या अध्यायात चांडाळांची राहणी ठरवून दिलेली आहे. गावाबाहेर वस्ती, फुटक्या भांड्यात अन्न, लोखंडाचे दागिने, आणि अंगावर मेलेल्यांची वस्त्रं. हे कोणी कवीने रंगवलेलं चित्र नाही, हा कायदा म्हणून लिहिलेला आहे. आणि गावगाड्यात महाराचा 'हक्क' म्हणून मढ्यावरचं कापड दिलं जात होतं. हक्क! बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरच्या निर्बंधांची जी यादी दिली आहे, तिच्यात स्वच्छ कपडे घालणं हाही गुन्हा आहे. म्हणजे नवं घालाल तर मार, जुनं घालाल तर 'घाणेरडे'. एखाद्या संग्रहालयाला वऱ्हाडातलं १०० वर्षांपूर्वीचं 'रोजचं घरगुती जीवन' मांडायचं असेल तर पितळेच्या तांब्याशेजारी हा नियमही मांडावा लागेल. कापडाची नक्कल करणारे या नियमाची नक्कल करत नाहीत, आणि ते बरंच आहे, पण मग त्याला 'आपली परंपरा' म्हणू नये.

याच मेलेल्याच्या कापडाचं तथागतांनी काय केलं ते पाहा. विनयपिटकात पंसुकूल चीवराचा उल्लेख आहे: उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करायच्या, धुवायच्या, रंगवायच्या आणि जोडून चीवर शिवायचं. मगधातली बांध घातलेली शेतं दाखवून बुद्धांनी आनंदाला तशा रचनेचं चीवर करायला सांगितलं आणि आनंदाने ते केलं, ही कथा महावग्गात आहे. आजही भन्तेजींचं चीवर नीट बघा, ते अखंड कापडाचं नसतं, तुकडे जोडलेलं असतं. महाकश्यपांचं मऊ वस्त्र स्वतः घेऊन बुद्धांनी आपलं झिजलेलं पंसुकूल त्यांना दिलं, तो प्रसंगही प्रसिद्ध आहे. राजघराण्यातून आलेला भद्दिय असो, न्हावी उपाली असो की झाडूवाला सुनीत असो, संघात सगळ्यांचं वस्त्र एकच. मनूच्या कायद्यात मेलेल्याचं कापड एका जातीवर लादलेलं आहे. संघात ते ज्याला घ्यायचं तो स्वतः निवडून घेतो, आणि जात बघून कोणावर येत नाही. पुढे जीवकाच्या विनंतीवरून बुद्धांनी गृहस्थांनी दिलेलं कापड घ्यायलाही परवानगी दिली. म्हणजे चिंधीचं कौतुक म्हणून चिंधी, असाही आग्रह नाही.

वऱ्हाडात हे सांगताना गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरी १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस चिंध्यांचं वस्त्र अंगावर घेऊन महाराष्ट्रभर फिरला. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या जातीतला माणूस स्वतः गोधडीत राहतो आणि हातात झाडू घेऊन गावाची घाण काढतो, आणि मिळालेल्या पैशांतून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं उभी करतो. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेब सुटाबुटात, गाडगेबाबा गोधडीत, आणि दोघांचं एकमेकांशी जमलं. कपड्यांवरून माणसांची बाजू ठरवणाऱ्यांनी यावर विचार करावा. (आज गाडगेबाबांच्या नावाने विद्यापीठ आहे, पण त्यांच्या गोधडीवर तिथे समाजशास्त्रात कोणी प्रबंध लिहिला तर मला वाचायला आवडेल.)

आपल्या चळवळीतला एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो हलका नाही. ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांनी आपल्याला चिंध्यांतून बाहेर काढलं आणि तुम्ही पोरी पुन्हा चिंध्या उलगडत बसता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृती जाळल्यानंतर, बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले होते. लुगडं नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून तुम्ही ओळखू येता ती सोडा, हातापायांतल्या जड चांदी-कथलाच्या ओझ्याचा त्याग करा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असा त्यांचा रोख होता. आणि बायांनी ते लगेच अंगी बाणवलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९च्या पुस्तकात त्या पिढीच्या बाया स्वतः बोलल्या आहेत, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. त्याच १९२७च्या नोव्हेंबरात अमरावतीला वऱ्हाड अस्पृश्य परिषद झाली, अंबादेवी मंदिराचा प्रश्न गाजला. १९४२च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, तिच्या अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. या पंधरा वर्षांत आपल्या बायांनी पेहराव, दागिने, बोलणं, घर सगळं बदललं.

पण याच उपदेशातला 'स्वच्छ राहा' हा शब्द वाकळीला लावून पाहा, मग कळतं की तो किती महाग होता. ओली वाकळ एका बाईला उचलत नाही. ती पिळायला दोघी लागतात, धुवायला वाहतं पाणी लागतं. अकोला-अमरावतीचा पूर्णेकाठचा पट्टा तर खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. गोड पाण्याची विहीर गावात एखादी, आणि तिच्यावर आपल्याला बंदी. नदीवरही आपली जागा खालच्या अंगाला. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसांना गाव 'मळकट' म्हणत होतं! वाकळीचा वास हा आळसाचा नव्हता, तो पाण्याच्या बंदीचा होता. महाडचं तळं आणि महाडचं बायांसमोरचं भाषण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मला पुस्तकातून कळलं त्यापेक्षा जास्त एका म्हातारीने वाकळ धुण्याचं वर्णन केलं तेव्हा कळलं. दसऱ्याआधी वाकळी गाडीत घालून नदीवर न्यायच्या, दिवसभर वाळूत सुकवायच्या, आणि वरच्या अंगाच्या घाटावरून कोणी शिव्या देऊ लागलं की ओल्याच उचलून आणायच्या. बाबासाहेबांनी लादलेल्या खुणा सोडायला सांगितल्या. स्वतःच्या हाताने उभं केलेलं अंथरूण-पांघरूण ही लादलेली खूण नाही, लादलेली होती ती टंचाई. दोन्हींतला फरक आपण केला नाही तर आपल्या आज्यांच्या बुद्धीचा पुरावा आपणच जाळून टाकू. आणि खरोखरच जाळतो. म्हातारी गेली की तिसऱ्या दिवशी तिच्या वाकळी नदीवर किंवा उकिरड्यावर.

या वाकळी वाचता येतात, असं मी म्हणते तेव्हा लोकांना ती भावना वाटते. ती भावना नाही, ते साधन आहे. पुराणवस्तू खोदणारे थर मोजतात तसे थर इथे आहेत. सगळ्यात आत सुती लुगड्याचे विटलेले तुकडे. त्यावर गिरणीचं छापील पातळ. साखरेच्या कापडी पोत्याचं अस्तर. मग नायलॉनचं पातळ येतं, त्यावर टाके घसरतात, म्हणून तिथे दोरा दुहेरी घातलेला असतो. मग पोराची शाळेची खाकी चड्डी, निळी साडी, एखाद्या घरात पोलीस भरतीत लागलेल्या मुलाचा जुना गणवेश. कोणत्या वर्षी घरात मजुरीशिवाय दुसरा पैसा आला, हे कापडावरून सांगता येतं. आणि काही घरांत मधल्या थरात एक पांढरा तुकडा असतो. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला जाताना घेतलेल्या पांढऱ्या लुगड्याचा. कोणी ते लुगडं घडी करून पेटीत जपलं, कोणाला जपण्याइतकं परवडलं नाही, नेसून नेसून विरलं आणि शेवटी वाकळीत गेलं. पण ते वरच्या थरात ठेवलेलं मी पाहिलं नाही, नेहमी आत. का, असं विचारलं तर एकीने सांगितलं, "वर ठुलं असतं त लवकर झिजलं असतं."

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणात गीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या काळ्या बाया पूर्वीच्या गुलामांच्या नाती-पणत्या. कामाच्या कपड्यांचे, पोत्यांचे तुकडे जोडून त्यांनी ज्या गोधड्या केल्या त्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि उबेला घेता यावी म्हणून. मेलेल्याचंच कापड, पण आपल्या माणसाचं आणि आपल्या इच्छेने. याच गावातले लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडे जाऊ लागले तेव्हा १९६२ मध्ये त्यांची नाव बंद करण्यात आली, ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं. पाण्याने माणसं अडवायची युक्ती तिथेही तीच. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची स्वतःची सहकारी संस्था काढली. पण गोधड्यांचं नाव झाल्यावर त्यांच्या नक्षीचे गालिचे, चादरी बाजारात आल्या आणि २००७ मध्ये काही बायांना आपला पैसा मिळाला नाही म्हणून कोर्टात जावं लागलं. कौतुक झालं की न्याय आपोआप होतो, या भ्रमात राहू नये. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं होतं. आपल्या पोरींनी तो धागा गोधडीपर्यंत न्यावा असं मला वाटतं. घराजवळही उदाहरण आहे: उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशातल्या बाया 'कवंद' शिवतात, तीही अशीच जुन्या कापडाची.

आपल्याकडे मात्र वाकळ संपत चालली आहे आणि त्याची कारणं साधी आहेत. बोहारीण स्टीलचं पातेलं देऊन जुने कपडे नेते, म्हणजे घरात धडुतं उरतच नाही. साड्या पॉलिस्टरच्या झाल्या, त्या ना घाम टिपतात ना ऊब देतात. आणि पानिपतचं ब्लँकेट बाजारात स्वस्त मिळतं. पानिपतला युरोप-अमेरिकेतून आलेले जुने कपडे फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात. म्हणजे तिकडची बाई जुन्यासारखं दिसणारं कोरं कापड घेऊन गोधडी शिवते, आणि तिचे टाकलेले कपडे ब्लँकेट होऊन मूर्तिजापूरच्या आठवडी बाजारात येतात. यावर मला रागही येत नाही. थंडीत पोराला ब्लँकेट मिळतंय, मिळू दे.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या भागात मध्यंतरी एक शहरी उद्योग आला. बायांना कापलेलं नवं कापड द्यायचा, तुकड्यावर मजुरी, टाके कसे घालायचे तेही ठरवून दिलेले. वर छापील खणाचे तुकडे. निळ्या रंगाचं पांघरूण मागणाऱ्या एका बाईला सांगण्यात आलं की 'पारंपरिक' रंग हवेत. मजुरी हातात पडली, ती नाकारा असं मी कोणाला सांगणार नाही, उन्हाळ्यात दुसरं काम नसतं. पण ज्या बाईच्या घरात चार पिढ्यांचा दस्तऐवज बाजेवर पडलेला आहे, तिला दुसऱ्याच्या आजीची नक्कल शिवायला लावून तिचं नावही त्या मालावर नाही, याला रोजगार म्हणा, सक्षमीकरण म्हणू नका. बचत गटांनी ठरवलं तर अटी बदलता येतात: रंग आणि मांडणी शिवणारीची, नाव शिवणारीचं, विक्रीच्या किमतीत वाटा लेखी. दोन गटांनी या अटी मांडल्या आहेत. एकाशी बोलणी चालू आहेत, दुसऱ्याला कामच मिळेनासं झालं.

या उन्हाळ्यात दर्यापूर आणि मूर्तिजापूर तालुक्यांत आम्ही काही जणी वाकळींची नोंद करणार आहोत. वाकळ विकत घेणार नाही, मागणारही नाही. दोन्ही बाजूंचे फोटो, प्रत्येक तुकडा कोणाचा, साधारण कोणत्या वर्षीचा, शिवताना कोण कोण बसलं होतं, आणि धुवायला पाणी कुठून आणलं. शेवटचा प्रश्न विसरू नका. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी आमची वाट बघू नये, मोबाईलवर त्यांचा आवाज आत्ताच घ्यावा. विहार समित्यांनी जागा दिली तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपापल्या गावातल्या वाकळी विहाराच्या भिंतीवर लावायचा विचार आहे, खाली शिवणारीचं नाव लिहून.